काळ्या मातीतला पाळणा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असते. व्यापाराने भरभराटलेल्या त्या गावात जो जन्मला तो सोन्याच्या पाळण्यातच झोपला, असा तिचा मतलब. आजचे जालना बियाण्यांचे आणि लोखंडी सळयांचे शहर म्हणून ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी येथे काढली आणि जालन्याचे बी दूरदूरच्या शेतांत पेरले जाऊ लागले. तेव्हा पाळणा आणि बी या दोन्ही गोष्टी या जिल्ह्याच्या नावाशी आधीपासून जोडलेल्या आहेत. मात्र आज ज्या पाळण्यापाशी वाचकांना न्यायचे आहे तो शेणामातीचा आहे. आणि त्यात निजलेली बाळे पाहिली, तर दोरी ओढण्याऐवजी बहुतेक मंडळी काठी शोधू लागतील. ती बाळे आहेत सापांची.

जालन्याहून उत्तरेची वाट धरली की आधी राजूर लागते. तिथल्या गणपतीला हात जोडून एस.टी. पुढे भोकरदनला येते. केळणा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव आज साधेसुधे दिसत असले, तरी सातवाहनांच्या काळात ते ‘भोगवर्धन’ नावाने गाजत होते. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. येथील उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे रूप थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळते. ज्या मातीतून दोन हजार वर्षांपूर्वीचा असा ऐवज बाहेर येतो, त्या मातीत आणखी काय काय दडलेले असेल, असा विचार करीतच पुढची वाट कापायची. १९८१ सालच्या १ मेला जालना जिल्हा वेगळा झाला. तोवर हा सारा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होता.

भोकरदनच्या पुढे पिंपळगाव रेणुकाई. गावाची ख्याती मिरचीची. हंगामात येथे हिरव्या मिरचीचे ढीगच्या ढीग पडतात, वजनकाटे खडखडतात, परमुलखातले व्यापारी भाव बोलतात आणि भरलेल्या गाड्या रात्रीच्या रस्त्याला लागतात. मी गेलो तेव्हा जूनचा पहिला पंधरवडा होता. मे महिन्यात भाजून निघालेल्या काळ्या रानावर नुकत्याच चार सरी पडून गेल्या होत्या. उन्हाळ्यात या जमिनीला हात आत जाईल एवढाल्या भेगा पडतात. त्या आता हळूहळू मिटू लागल्या होत्या. जो तो पेरणीच्या घाईत होता, आणि घरोघरचे उकिरडे उपसून शेणखत शेतात नेण्याचे काम चालले होते.

गावाच्या नावातली रेणुकाई म्हणजे रेणुका माता. रेणू म्हणजे मातीचा कण. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात रेणुका ही मुळात भूदेवी असून वारूळ हे तिचे एक रूप असल्याचे सविस्तर मांडले आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तर सातेरी देवीची पूजा वारुळाच्याच रूपाने होते. वारुळाला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना शहरातली शिकलेली मंडळी हसली असतील. पण वारूळ म्हणजे मातीचे गर्भाशय ही कल्पना केवळ भाविकपणाची नव्हे. वाळवीने थुंकीने लिंपलेल्या त्या जाड भिंतींच्या आत बाहेरचे ऊन फारसे पोचत नाही, रात्रीचा गारवाही एकदम शिरत नाही, आणि हवेत ओल टिकून राहते. सापाच्या अंड्याला नेमके एवढेच हवे असते. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आळशी माणसाला उद्देशून आपण वापरतो. पण नागिणीच्या बाजूने पाहिले तर तिने आपल्या लेकरांसाठी गावातली सर्वांत चांगली खोली निवडलेली असते.

वारूळ नसले तर दुसऱ्या क्रमांकाची खोली म्हणजे उकिरडा. शेण, पालापाचोळा आणि कडब्याचे तूस कुजू लागले की त्यातून ऊब निघते, आणि ढिगाच्या पोटात ओलही राहते. ही युक्ती फक्त आपल्याच सापांना सुचली आहे असे नाही. इंग्लंड आणि स्वीडनमधला गवताळ भागातला एक बिनविषारी साप शेतकऱ्यांच्या खताच्या ढिगातच अंडी घालतो. एरवी त्या थंड मुलखात त्याची अंडी उबणे कठीण. आपल्याकडे नागीण उन्हाळ्याच्या अखेरीस बारा ते तीस अंडी घालते आणि दोन महिन्यांच्या आसपास ती फुटतात. म्हणजे शेतकऱ्याने उकिरडा उपसायला घ्यावा आणि त्याच वेळी आत पाळणा भरलेला असावा, असा हा दर वर्षीचा योग.

तसाच योग मी गेलो त्या घरी जुळून आला होता. खताची तिसरी गाडी भरताना फावड्याखालून पांढऱ्या अंड्यांचा एक घोस वर आला. कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, लांबट, आणि हाताला चामड्यासारखी लागणारी. एकमेकांना चिकटून बसलेली चौदा अंडी. मादीचा पत्ता नव्हता. अंगणात ही गर्दी जमलेली. घरातली सून कडेवरचे मूल सावरीत म्हणत होती, “रॉकेल ओता अन् काडी लावून मोकळं व्हा. माझं लेकरू आत्ता रांगाया लागलंय.” म्हातारे सासरे खताच्या गाडीला टेकून शांतपणे म्हणाले, “मातीनं दिलंय, आपण कोन जाळणारं?” दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच कोणाला पुढे काही सुचत नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या पोराने फोन करून बोलावलेला सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. सर्पमित्र हा शब्द आज महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत रुळला आहे. या वाटेवरचे ठळक नाव पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचे. १९८० साली ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास राहिले, आणि १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साप दिसला की मारण्याऐवजी कोणाला तरी बोलवायचे, ही सवय महाराष्ट्राला लागली ती अशा माणसांमुळे.

“मावशी, भिऊ नका,” तो सुनेला म्हणाला, “पण कशाची अंडी हायेत ते मला बी नक्की सांगता यायचं नाही.” हे त्याचे बोलणे मला फार आवडले. सापाच्या अंड्यावर जातीचा शिक्का नसतो. धामणीची असतील, नागाची असतील, एखादे वेळी घोरपडीचीही असतील. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगता येते : ती घोणशीची किंवा फुरशाची नाहीत, कारण ते दोन्ही साप आपल्याकडे थेट पिल्ले घालतात, मांडूळही तसेच. त्याने आधी वनखात्याला कळवले. वनरक्षक आले, पंचनामा झाला, आणि अंडी फुटेपर्यंत सर्पमित्राने आपल्या घरच्या कुलूपबंद खोलीत ती सांभाळावीत असे ठरले.

मग त्याने एक काम केले, ते पाहण्यासारखे होते. खिशातून शिसपेन्सिल काढून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला हलकी फुली मारली. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते; न फिरवली तर आतला जीव कवचाला चिकटतो. सापाच्या अंड्याचे उलटे आहे. पहिल्या दिवसादोन दिवसांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला घट्ट बसतो. नंतर अंडे उलटे झाले तर तो बलकाखाली दबून गुदमरतो. म्हणून फुली नेहमी आभाळाकडे. घोस तोडायचा नाही, एकेक अंडे सुटे करायचे नाही. जसे सापडले तसे, त्याच ठेवणीत उचलायचे.

त्याच्या घरी तो पाळणा पाहिला. बिस्किटे ठेवतात तसा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला सुईएवढी चार भोके. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा ओलसर करून पसरलेला. किती ओला? मुठीत दाबला तर पाण्याचा थेंब गळू नये, पण गोळा मोडूही नये. पोळीच्या कणकेचा अंदाज असलेल्या बाईला हे माप लगेच कळेल. अंडी भुशात अर्धी रुतलेली. शेजारी उष्णतामापक, पारा २८ ते ३० अंशांच्या दरम्यान राखायचा. ऊन तापले की डब्याभोवती ओली गोणी, पावसाची झड लागली की खोलीत विजेचा दिवा. पाणी अंड्यांवर कधी शिंपडायचे नाही, कडेच्या भुशातच घालायचे. चांगले अंडे ओल शोषून दिवसेंदिवस टपोरे होते. वाईट अंडे पिवळे पडते, बुरसते. पण ते घोसाला चिकटलेले असेल तर ओढून काढण्याची घाई करायची नाही. अंधारात अंड्यामागे छोटी बॅटरी धरली, तर आत लाल शिरांचे जाळे दिसते. ते पाहिल्यावर, म्हातारे सासरे जे बोलले त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या साऱ्या खटाटोपात माणसाची हुशारी कितीशी आहे? डबा म्हणजे वारूळ, काथ्या म्हणजे उकिरडा, दिवा म्हणजे जमिनीची ऊब. जे माती फुकट करते ते आपण पैसे आणि झोप खर्चून करतो, आणि तरीही मातीइतके चांगले करतोच असे नाही. म्हणून जाणकार सांगतात की वारुळात, बांधावर, घरापासून दूर अंडी दिसली तर त्यांना हात लावू नये. तिथे बहुधा आईही असते. नागीण आपल्या अंड्यांपाशी राहून राखण करते. अंडी हलवायची ती नाइलाजानेच, म्हणजे फावडे आधीच पडले असेल आणि पलीकडे रांगते मूल असेल तेव्हा.

सापांमधली आई हा विषय निघालाच आहे, तर दोन गोष्टी सांगतो. पश्चिम घाटात, कर्नाटकातल्या आगुंब्याच्या रानात, नागराजाची मादी वाळलेली पाने अंगाच्या विळख्याने ओढून त्यांचे खरेखुरे घरटे रचते. असे घरटे बांधणारा दुसरा साप नाही. अजगराची मादी त्याही पुढे जाते. अंड्यांभोवती वेटोळे घालून ती अंग थरथरवते आणि त्या थरथरीने स्वतःची ऊब वाढवते. थंड रक्ताचा प्राणी अंडी उबवतो हे विद्वानांना पटेना; १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हालांसिएन या शास्त्रज्ञाने अशा मादीच्या वेटोळ्यात उष्णतामापक ठेवून ते मोजले, आणि १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मोजमापांनी ते पक्के ठरले. सापांत आणखी एक वेगळेपण आहे. मगर आणि कासव यांच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे पुष्कळदा उबेवर ठरते. सापाचे मात्र ते आधीच, आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरलेले असते. डब्याचा पारा चुकला तर नरमादी बदलत नाही, पिल्लू मात्र वाकड्या पाठीचे निपजते किंवा आतच मरते.

हे वाचून शहरातल्या एखाद्या घरी चिरंजीव म्हणतील, “बाबा, आपणही एक डबा करू या!” तेव्हा कायदा काय म्हणतो ते सांगून ठेवलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या शब्दातच पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीही येतात, आणि संरक्षित जातीची अंडी फोडणे किंवा त्यांना त्रास देणे ही शिकारच समजली जाते. म्हणजे नाग, धामण, दिवड यांची अंडी हौसेने घरी ठेवणे हा गुन्हा. सर्पमित्रानेही वनखात्याच्या माहितीनेच ती ठेवायची. परदेशी सापांची गोष्ट निराळी. आफ्रिकेतला बॉल अजगर आता आपल्या मोठ्या शहरांतल्या काही घरांत पाळला जातो. त्याची अंडी ३१-३२ अंशांवर ठेवली तर सुमारे दोन महिन्यांत फुटतात. अशा जातींची नोंद सरकारकडे करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि घरी पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात.

या दोन डब्यांतला खरा फरक मात्र अंडी फुटल्यानंतर कळतो. इथल्या सापाचे पिल्लू रानात सोडलेच पाहिजे, आणि परदेशी सापाचे पिल्लू कधीही सोडता कामा नये. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर मोकळे झाले आणि तिथली रानजनावरे त्यांनी फस्त करत आणली. ते संकट आजही निस्तरलेले नाही. ज्याला पिल्लांची जन्मभर व्यवस्था लावता येणार नाही, त्याने अंडी उबवण्याच्या फंदात पडू नये. माणसाच्या घरातही पाळणा हलवण्यापूर्वी हाच हिशेब करतात.

पिंपळगावच्या त्या डब्याची हकीकत मला पुढे फोनवर कळत गेली. जुलैच्या शेवटी एका सकाळी एका अंड्याला ब्लेडने कापावी तशी बारीक चीर दिसली. पिल्लाच्या नाकाडाच्या टोकाशी एक इवलासा दात असतो. तेवढ्याच कामासाठी तो उगवतो आणि काम झाले की गळून पडतो. चिरेतून नाक बाहेर आले आणि पुष्कळ वेळ तसेच राहिले. अशा वेळी हौशी माणूस मदत करायला जातो आणि घात करतो. पिल्लू आत उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. ती त्याची पहिली शिदोरी. त्याला दिवसदीड दिवस तसेच राहू द्यायचे.

दोन दिवसांत चौदांपैकी अकरा पिल्ले बाहेर आली. शिसपेन्सिलीएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब. त्यांतल्या एकाने डब्याला धक्का लागताच मान उंच केली आणि नखाएवढा फणा काढला. नाग! सर्पमित्राने ते सुनेला कळवले तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “माझ्या दारात निघाले असते ना रे ते, दादा.” तिची भीती अस्थानी नव्हती. नागाचे पिल्लू अंड्यातून निघते तेच विषासकट. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. ज्या मोसमात पिल्ले फुटतात, त्याच मोसमात शेतकरी अनवाणी चिखलात उभा असतो. दंश झालाच तर मांत्रिक नको, चिरा पाडणे नको, आवळपट्टी नको. अंग न हलवता १०८ ची गाडी बोलावून सर्पविषप्रतिबंधक लस असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचायचे. आणि घराजवळ साप किंवा त्याची अंडी दिसली, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक पाठ असावा.

आठवडाभराने पिल्लांनी पहिली कात टाकली. वनरक्षकांच्या समक्ष ती अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी, वस्तीपासून दूर, झुडुपांत सोडण्यात आली. तीन अंडी फुटली नाहीत; ती सर्पमित्राने बांधावर पुरली. सोडलेल्या अकरांतली मोठी होतील ती किती, कोण जाणे! मुंगूस, घार, मोर आणि थोरले साप यांच्या तडाख्यातून थोडीच वाचतात. जी वाचतील ती मक्याच्या कणग्या पोखरणाऱ्या उंदरांवर जगतील, आणि त्याचा हिशेब कोणत्याही बाजार समितीच्या वहीत लिहिला जाणार नाही.

यानंतर थोड्याच दिवसांत येते श्रावण शुद्ध पंचमी. नागपंचमीची कहाणी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नांगराचा फाळ वारुळात घुसतो, नागिणीची पिल्ले मरतात, आणि ती सूड घ्यायला शेतकऱ्याच्या घरी येते. शेवटी लेकीने मनोभावे केलेल्या पूजेने ती निवते. त्या दिवशी जमीन खणू नये, नांगर धरू नये, काही चिरू-कापू नये असा दंडक. सापाला दूध पाजण्याची चाल त्याच्या जिवावर उठते हे आता आपल्याला कळले आहे, आणि ती सोडायलाच हवी. पण खणू नये हा दंडक मला पंचांगातला सर्वांत शहाणा वाटतो. श्रावणाच्या आरंभी काळ्या मातीच्या पोटात अंडी फुटत असतात. आपल्या कोणा पूर्वजाने फाळाखाली आलेली ती पिल्ले पाहिली असतील, मागे फिरून आलेली त्यांची आई पाहिली असेल, आणि पुढच्या पिढ्यांनी निदान एक दिवस तरी हात आवरावा म्हणून ही गोष्ट रचली असेल. रेणुकाईच्या मुलखात तो एक दिवस थोडा लांबवता आला, तर सुनेचे रांगते लेकरू आणि नागिणीची लेकरे, दोघांनाही हीच माती पुरेल.